अर्ध्या वाटेपुढे तीस किलोमीटर

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर ६८० किलोमीटरच्या आसपास आहे. मॉरिशसचं प्लेझाँस आणि रॉड्रिग्जचं प्लेन कोराय या विमानतळांमधलं अंतर त्याहून जरा कमी, सुमारे ६०० किलोमीटर. वेळापत्रकात दोन्ही प्रवासांपुढे दीड तासाच्या मागेपुढे आकडा असतो. पण मुंबई-नागपूर प्रवासात खाली नाशिक आहे, छत्रपती संभाजीनगर आहे, अकोला-अमरावती आहे. काही बिनसलंच तर उतरायला धावपट्ट्या आहेत. विमान रद्द झालं तर रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस आहे, समृद्धी महामार्ग आहे, अगदी काहीच नाही तर ट्रॅव्हल्सची बस आहे. प्लेझाँसहून पूर्वेला निघालेल्या विमानाखाली रॉड्रिग्ज येईपर्यंत जमीन म्हणून नाही. दोन्ही टोकांना बेट आणि मधे फक्त हिंदी महासागर.

रॉड्रिग्ज हा मॉरिशस देशाचाच भाग. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस हजारांच्या थोडी वर. २००२ पासून बेटाला स्वायत्तता आहे, स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे. मॉरिशसला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. मी गेलो तो मॉरिशसमधल्या एका निवृत्त मराठी शिक्षकांच्या आग्रहामुळे. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून मुंबई बंदरात आले आणि तिथून उसाच्या मळ्यांवरचे गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून पोर्ट लुईला उतरले. या काकांचं मराठी शाळेत शिकलेलं, शिकवलेलं, म्हणून आपल्यापेक्षा शुद्ध. घरात बोलणं मात्र क्रिओलमध्ये. ‘तुम्ही मुंबईहून पावणेपाच हजार किलोमीटर आलात, आणखी सहाशे जायला काय हरकत आहे?’ असं त्यांनी विचारलं, आणि ते स्वतःही बरोबर निघाले.

विमान एटीआर, पंख्यांचं, सत्तरेक जणांचं. प्रवाशांत पर्यटक थोडे, घरी परतणारे जास्त. कुणी मॉरिशसच्या इस्पितळातून तपासणी करून निघालेलं, कुणी मुलाला कॉलेजात पोचवून. सामानाच्या काट्यापाशी जी बारीक घासाघीस चालली होती ती पाहून आपल्या एसटी स्टँडवरच्या टपावर चढणाऱ्या पोत्यांची आठवण झाली. आमच्या रांगेत एक रॉड्रिग्जच्या बाई होत्या. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर त्यांचं चार खोल्यांचं अतिथिगृह होतं. काकांनी मधे बसून दुभाष्याचं काम केलं. ‘किती वेळ लागतो?’ हा माझा प्रश्न त्यांना नीट कळलाच नाही. विमानात बसल्यावर लागतो तो वेळ त्यांच्या हिशेबात नव्हता. तिकीट मिळायला लागलेले दिवस त्यांनी सांगितले. शाळांच्या सुट्ट्या आणि नाताळ आला की जागा महिना-महिना आधी संपतात. म्हणजे त्यांच्या लेखी हा प्रवास काही आठवड्यांचा होता, आणि त्यातला शेवटचा दीड तास हवेतला.

उड्डाण झालं की आधी उसाची शेतं, मग उजवी-डावीकडे कुठेतरी बसलेल्या सिंहासारखा दिसणारा डोंगर, मग प्रवाळभिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, आणि संपलं. त्यानंतर खिडकीतून पाहण्यासारखी एकच गोष्ट होती. समुद्रावर फेसाच्या बारीक तुटक रेघा होत्या आणि त्या सगळ्या एकाच दिशेनं सरकत होत्या. इथे वर्षातले बहुतेक दिवस आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. भूगोलाच्या पुस्तकात नकाशावरच्या बाणांसारखे काढलेले हे वारे वरून खरोखर तसेच दिसतात.

या दोन बेटांमधलं अंतर समजून घ्यायचं तर आधी हे वारे समजून घ्यावे लागतात. फ्रान्स्वा लेगा हा फ्रेंच प्रॉटेस्टंट १६९१ मध्ये काही साथीदारांबरोबर रॉड्रिग्जवर उतरला. फ्रान्समध्ये त्यांच्या पंथाचा छळ सुरू होता, आणि या निर्मनुष्य बेटावर नवी वसाहत करण्याचा बेत होता. बेट सुंदर होतं. कासवं इतकी होती की त्यांच्या पाठींवरून चालत जाता येई, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. उडता न येणारा सॉलिटेअर नावाचा पक्षीही तिथे होता. आता तो नाही, आणि कासवांचंही मूळ वाण नाही. आज बेटावरच्या राखीव उद्यानात दिसतात ती बाहेरून आणलेली. दोन वर्षांत लेगाच्या तरुण साथीदारांना एकटेपणा असह्य झाला, आणि त्यांनी हातानं एक होडी बांधली. पहिल्या प्रयत्नात ती प्रवाळावर आदळली, एक साथीदार गेला. १६९३ च्या मे महिन्यात दुसऱ्यांदा निघाले आणि वादळ सोसूनही आठ-नऊ दिवसांत मॉरिशसला लागले. सुतारकाम न येणाऱ्या माणसांनी बांधलेली होडी, पण वारा पाठीशी. (तिथे पोचल्यावर डच गव्हर्नरानं त्यांना एका खडकावर कैदेत टाकलं, ती गोष्ट वेगळी आणि बरीच कडू आहे.)

उलट दिशेनं गेलेल्या माणसाची कथा ऐका. अलेक्सांद्र गी पँग्रे हा पॅरिसचा धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. ६ जून १७६१ रोजी शुक्राचं अधिक्रमण होणार होतं, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून काळ्या ठिपक्यासारखा सरकताना दिसणार होता. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून त्याच्या वेळा नोंदवल्या तर त्या वेळांच्या फरकावरून सूर्याचं अंतर काढता येतं. हिंदी महासागरातलं ठिकाण म्हणून फ्रेंचांनी रॉड्रिग्ज निवडलं. पँग्रे जानेवारीत फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघाला आणि मेच्या सुरुवातीला मॉरिशसला, तेव्हाच्या आयल द फ्रान्सला, पोचला. तिथून रॉड्रिग्ज गाठायला त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. शिडाचं खरं जहाज, अनुभवी खलाशी, आणि तरी लेगाच्या होडीच्या दुपटीहून जास्त वेळ. वाऱ्याच्या नाकासमोर शिडाचं जहाज चालत नाही. त्याला तिरकं तिरकं जावं लागतं, किंवा दक्षिणेला बराच वळसा घालून पश्चिमेचा वारा शोधावा लागतो.

पँग्रे मेच्या अखेरीस पोचला, अधिक्रमणाला दहा दिवससुद्धा उरले नव्हते. त्या दिवशी आकाश ढगाळ होतं. मधेमधे उघडीप मिळाली तेवढ्यात त्यानं काही मापं घेतली. त्याच्या कामातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी बाब अशी की, सूर्य किती दूर आहे हे ठरवायला निघालेल्या या माणसाला आपण उभे आहोत ते बेट नेमकं कुठे आहे, हेच आधी स्वतः मोजावं लागलं. रेखांश पक्का नसेल तर नोंदवलेल्या वेळेला अर्थ नाही. जूनअखेर ब्रिटिश जहाजं आली. सप्तवार्षिक युद्ध चालू होतं. त्यांनी बेट लुटलं, बंदरातलं जहाज घेतलं, आणि पँग्रे तिथेच अडकला. बेटावर एकूण शंभराहून अधिक दिवस काढून तो सुटला. त्याच अधिक्रमणासाठी निघालेला त्याचा देशबांधव ल जाँती तर आधी रॉड्रिग्जलाच जायच्या विचारात होता. ऐन वेळी पुदुच्चेरीकडे जाणारं जहाज मिळालं म्हणून त्यात चढला, आणि पुदुच्चेरी ब्रिटिशांच्या हाती गेल्यामुळे अधिक्रमणाच्या दिवशी भर समुद्रात राहिला. डोलणाऱ्या जहाजावरून वेळ काय मोजणार?

विमानाला शिडं नाहीत, म्हणून त्याला वारा लागू नाही असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विमान हवेत चालतं आणि हवा स्वतः चालत असते. एटीआर साधारण ताशी ५०० किलोमीटरनं जातं. समजा, समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे. जमिनीच्या, म्हणजे इथे समुद्राच्या, हिशेबात वेग उरतो ४५०, आणि ६०० किलोमीटरला लागतात ८० मिनिटं. परतताना तोच वारा पाठीशी, वेग ५५०, साडेपासष्ट मिनिटं. वारा नसता तर जाऊन-येऊन १४४ मिनिटं लागली असती. वाऱ्यामुळे एकशे साडेपंचेचाळीस लागली. जाताना गमावलं ते येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो आणि अनुकूल वाऱ्यात कमी. फरक दीड मिनिटाचा, पण तो नेहमी तोट्याच्याच बाजूला. इथे एक पुस्ती जोडली पाहिजे. समुद्रालगत दिसतो तोच वारा सहा किलोमीटर उंचीवर असेल असं नाही. तिथल्या हिवाळ्यात वरच्या थरात तो पश्चिमेचाही असतो, आणि मग पँग्रेला ज्याची आस होती तो वारा एटीआरला फुकट मिळतो.

याहून मोलाचा हिशेब वैमानिकाचा असतो. जमिनीवरच्या मार्गांवर विमान निघतं तेव्हा ठरलेला विमानतळ बंद पडला तर जवळचा दुसरा कोणता, हे आधी नोंदलेलं असतं आणि तिथे पोचण्याइतकं इंधन टाकीत असतं. एकाकी बेटाला जवळचा दुसरा विमानतळ नसतो. म्हणून अशा ठिकाणांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत वेगळी तरतूद आहे: निघालो तिथवर परत येण्याची सोय ठेवा, नाहीतर बेटावर पोचून आकाशात दोन तास थांबता येईल इतकं जादा इंधन घ्या. ढग, पाऊस, धावपट्टीवर अडकलेलं दुसरं विमान, जे काही असेल ते दोन तासांत निवळावं अशी त्यामागची अपेक्षा. आणि वाटेत एक बिंदू काढून ठेवायचा, जिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागतो. इंजिन कुरकुरलं, कुणाला छातीत कळ आली, तर त्या बिंदूच्या अलीकडे परतायचं, पलीकडे पुढेच जायचं.

हा बिंदू ३०० किलोमीटरवर असेल असं कुणालाही वाटेल. वर घेतलेल्या वाऱ्यात तो ३३० किलोमीटरवर येतो. तिथून उरलेले २७० किलोमीटर समोरच्या वाऱ्यात ३६ मिनिटांचे, आणि मागचे ३३० किलोमीटर पाठच्या वाऱ्यात तितक्याच ३६ मिनिटांचे. म्हणजे अंतराची अर्धी वाट ओलांडून गेलं तरी वेळेची अर्धी वाट अजून तीस किलोमीटर पुढे असते. हे गणित शाळकरी मुलाला सुटेल इतकं सोपं आहे. पण खिडकीतून खाली पाहत ते मनात केलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की नकाशावरचा मध्य हा तिथे प्रवास न करणाऱ्याचा मध्य आहे. समुद्रावर असलेल्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याला विचारायचं असतं ते एवढंच, की आत्ता, या वाऱ्यात, या इंधनात, कोणतं बेट जवळ आहे. त्याचं उत्तर सकाळी एक आणि दुपारी दुसरं असू शकतं.

काकांना हे सांगितलं तर ते हसले. ‘आमच्या पणजोबांना परतीचा बिंदू मुंबई बंदरातच लागला होता,’ असं म्हणाले. करार पाच वर्षांचा असे, परतायची मुभा कागदावर असे, आणि तरी त्यांच्यासारखे बरेच जण परतले नाहीत.

रॉड्रिग्ज जवळ येतं तेव्हा आधी बेट दिसत नाही, भोवतालचा उथळ समुद्र दिसतो. प्रवाळभिंतीच्या आतलं हे फिकट हिरवं पाणी क्षेत्रफळानं बेटाच्या जवळपास दुप्पट आहे. त्यात भरती-ओहोटी पाहून बायका ऑक्टोपस पकडायला चालत उतरतात. २०१२ पासून वर्षातले काही आठवडे ही पकड बंद ठेवतात, म्हणजे पिल्लांना वाढायला अवसर मिळतो. घराघरांपुढे दोरीवर वाळत टाकलेले ऑक्टोपस आपल्याकडच्या बोंबलांसारखेच दिसतात, आणि वासही परका नाही. विमानतळ नैर्ऋत्य टोकाला, चुनखडीच्या सपाट पठारावर. त्याला सर गाएताँ द्युव्हाल यांचं नाव आहे. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाचे ते नेते, आणि रॉड्रिग्जनं प्रचंड मतं त्या पक्षाला दिली होती. देश १९६८ मध्ये स्वतंत्र झाला तो या बेटाच्या मनाविरुद्ध. पुढे बेटाच्या दारावर नाव लागलं ते त्याच नेत्याचं. विमानतळांच्या नावांत राजकारण असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पोचल्यावर मी घड्याळ पाहिलं. ते बदलावं लागत नाही, दोन्ही बेटांची वेळ एकच. पण रॉड्रिग्ज पावणेसहा अंशांनी पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य तिथे साधारण तेवीस मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. मुंबई-नागपूरमध्ये असाच पंचवीसेक मिनिटांचा फरक आहे, नागपूरकर मुंबईला नोकरीला आला की त्याला संध्याकाळ लांबल्यासारखी वाटते ती यामुळे. एका कायद्यानं दोन ठिकाणांची वेळ एक करता येते, सूर्य ऐकत नाही.

पोर्ट माथ्युराँ या छोट्या राजधानीत हिंडताना मला इथल्या आणखी एका नोंदीची आठवण येत होती. २७ ऑगस्ट १८८३ रोजी जेम्स वॉलिस या इथल्या पोलीसप्रमुखानं पूर्वेकडून दूरवर तोफा डागल्यासारखे आवाज ऐकू आल्याचं लिहून ठेवलं. कुठलंतरी जहाज संकटात असेल असा तर्क. आवाज क्राकाटोआ ज्वालामुखीचे होते, सुमारे ४८०० किलोमीटरवरचे. तिथून इथवर यायला ध्वनीला चार तास लागले होते. मुंबई ते मॉरिशस अंतरही जवळपास एवढंच आहे. म्हणजे मॉरिशसला काही फुटावं आणि त्याचा आवाज कुलाब्यात ऐकू यावा. तेव्हा रॉड्रिग्जला तारेची सोय नव्हती. समुद्राखालची केबल इथे १९०१ मध्ये आली. म्हणून त्या माणसाला आवाज चार तासांत मिळाला, पण आवाज कशाचा ते कळायला जहाजाची वाट पाहावी लागली असणार. पृथ्वीवर इतक्या दूरवर कानांनी ऐकलेला दुसरा आवाज नोंदीत नाही, आणि तो नोंदला गेला अशा ठिकाणी जिथे महिनोन्महिने पत्र येत नसे. आता २०१९ मध्ये नवी केबल पडल्यापासून बातमीला एक क्षणही लागत नाही. माणसाला आणि कांद्याला मात्र लागतो तेवढा लागतोच.

पहिलं विमान १९७२ चं. एअर मॉरिशसनं आपली सेवाच मुळी या मार्गावर सहा आसनी पायपर विमानानं सुरू केली. त्याआधी फक्त बोट. बोट आजही आहे. जाताना वाऱ्याविरुद्ध दीड दिवस, येताना एक दिवसाच्या आसपास. लेगा आणि पँग्रे यांच्यातला फरक इंजिनानं आकसला, मिटला नाही. सिमेंट, तांदूळ, गॅस, गाड्या सगळं बोटीनं येतं. विमान माणसांचं. बेटावर मोठ्या शस्त्रक्रियेची पुरेशी सोय नसल्यानं गंभीर रुग्णही त्यानंच जातो. आणि उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, चक्रीवादळ जवळ आलं की दोन्ही बंद. २०१९ च्या मार्चमध्ये जोआनिन्या वादळ बेटाला घासून गेलं, तेव्हा सहाशे किलोमीटर या आकड्याला दोन-चार दिवस काही अर्थ राहिला नव्हता.

प्लेन कोरायची धावपट्टी जेमतेम १३०० मीटरची आहे. जेट उतरू शकत नाही, आणि एटीआरलाही पूर्ण वजन घेऊन उडता येत नाही. परतीच्या इंधनाचा भार आणि आखूड धावपट्टी यांच्या कात्रीत कमी होतात त्या जागा आणि सामान. काट्यापाशी चाललेली घासाघीस इथवर येऊन पोचते. म्हणून २१०० मीटरच्या आसपास लांबीची नवी धावपट्टी बांधायचं ठरलं आहे, युरोपीय संघ, फ्रान्स आणि जागतिक बँक यांच्या पैशानं. जेट आलं तर प्रवास तास-सव्वा तासावर येईल. भाषणांत याच बचतीचा गाजावाजा होतो, आणि मला तीच सगळ्यांत फुसकी वाटते. वीस मिनिटांनी कुणाचं काय अडलं आहे? तिकीट आज काढून उद्या जाता आलं, तर खरी जवळीक. शिवाय मोठ्या विमानाबरोबर माणसं येणार, आणि बेटावर पाण्याची टंचाई आत्ताच आहे. समुद्राचं खारं पाणी गोडं करायची यंत्रं चालवावी लागतात. जागा वाढतील त्या वेगानं पाणी वाढेल का, याचं उत्तर धावपट्टीच्या आराखड्यात नसतं.

विमानात भेटलेल्या बाईंच्या अतिथिगृहातच आम्ही उतरलो होतो. रॉड्रिग्जची लिंबं छोटी, पातळ सालीची आणि फार रसाळ. त्या लिंबांचा आणि मिरच्यांचा अचार बाटल्यांत भरून त्या मॉरिशसला पाठवतात. जाताना दोन बाटल्या त्यांनी आम्हाला दिल्या आणि काट्यावर किती भरतील तेही सांगितलं. मी त्यांना नव्या धावपट्टीबद्दल विचारलं. जेट किती मोठं, किती वेगवान, किती मिनिटं वाचतील, हे काका क्रिओलमध्ये बरंच उत्साहानं सांगत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग किलोमागे भाडं किती पडणार, तेवढंच विचारलं.